पद्मिनी उभी राहील, पण आधी आरसी बुक शोधा

वाचकाचं पत्र

नमस्कार ताई,

आम्ही गुहागर तालुक्यातले. बाबा मुंबईत नोकरीला होते. 1984 साली त्यांनी नवी कोरी प्रीमियर पद्मिनी घेतली आणि निवृत्त झाल्यावर ती गावी आणली. 2011 पासून गाडी मागच्या पडवीत उभी आहे. 2016 ला बाबा गेले. टायर बसलेत, दारांच्या खालच्या कडा कुरतडल्यासारख्या झाल्यात, ड्रायव्हरच्या पायाखाली भोक पडलंय आणि त्यातून जमीन दिसते. आरसी बुकावर 2014 पर्यंतचा शिक्का आहे. ठाण्याचा भाऊ म्हणतो, भंगारात घाल. आई ते ऐकूनच घेत नाही. बायको म्हणते, या पैशात आधी न्हाणीघर नीट होईल. माझ्याकडे ग्राइंडर, ड्रिल आणि पान्यांचा सेट आहे. शाळेत शिक्षक असल्याने सुट्ट्या मिळतात. दिवाळीच्या सुट्टीत गाडी पूर्ण खोलून घरीच कामाला लागायचा विचार आहे. गंज काढायला अॅसिड चालेल का? व्हिंटेजचा नंबर मिळेल का? आणि सुरुवात कुठून करू?

— एक शिक्षक, गुहागर तालुका

उत्तर

गुरुजी, नमस्कार.

पूर्ण खोलू नका. तुमच्या पत्रातलं बाकी सगळं मला पटलं, हे एक वाक्य सोडून. घरी जुनी गाडी करायला घेतलेली माणसं गंजाने हरत नाहीत, खोलण्याने हरतात. सुट्टीच्या उत्साहात दारं माळ्यावर जातात, सीटा शेजाऱ्यांच्या ओटीवर, नट-बोल्ट तुपाच्या रिकाम्या डब्यात. मग शाळा सुरू होते, परीक्षा येतात, पाऊस येतो. पुढच्या दिवाळीला डबा उघडला की कुठला बोल्ट कुठला हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही. शेवटी भंगारवाला येतो तेव्हा त्याच्यापुढे गाडी नसतेच, एक सांगाडा आणि पाच गोण्या असतात.

म्हणून एकच नियम पाळा. काम कुठल्याही टप्प्यावर असो, गाडी चार चाकांवर ढकलत अंगणात आणता आली पाहिजे. एका वेळी एक कोपरा घ्यायचा. तो खोलायचा, गंज काढायचा, पत्रा जोडायचा, प्रायमर मारायचा, काढलेलं परत बसवायचं, मगच पुढच्याकडे वळायचं. याने वेळ जास्त लागतो, रंगारी कुरकुर करतो, काही ठिकाणी दोनदा हात घालावा लागतो. चालेल. नोकरी सांभाळून काम करणाऱ्या माणसाला दुसरी पद्धत झेपत नाही.

आणि पान्याला हात लावायच्या आधी कपाटाला लावा. आरसी बुक, जुन्या विम्याचे कागद, कराच्या पावत्या, बाबांचा मृत्यूचा दाखला, सगळं एका फाइलीत आणा. गाडी अजून बाबांच्याच नावावर दिसते. मालक गेल्यावर वारसाने 30 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून गाडी आपल्या नावावर करून घ्यायची, असा कायदा आहे. ते राहून गेलं, त्यामुळे थोडा भुर्दंड पडेल, पण काम होतं. त्यासाठी बाकीच्या वारसांची संमती मात्र लागते. म्हणजे आईंची आणि तुमच्या त्याच ठाण्याच्या भावाची सही. तेव्हा भावाशी बोलणं आधी आणि वेल्डिंग नंतर. 'भंगारात घाल' हा त्याचा सल्ला मानायचा झाला, तरी नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात गाडी देताना कागद हेच दाखवावे लागतात. तुम्ही गाडी ठेवा की मोडा, ही सही चुकत नाही, हे त्याला सांगून पाहा.

खासगी मोटारीची पहिली नोंदणी 15 वर्षांची असते. नंतर दर 5 वर्षांनी फॉर्म 25 भरून नूतनीकरण करायचं. बाबांनी ते 2014 पर्यंत नेमाने केलेलं दिसतं. तिथून पुढची थकबाकी आता तुमच्या डोक्यावर आहे. 1 एप्रिल 2022 पासून खासगी चारचाकीच्या नूतनीकरणाला उशीर झाला की महिन्याला 500 रुपये लागतात. 20 वर्षांवरच्या मोटारींसाठी नूतनीकरणाचं शुल्क 2025 मध्ये 10,000 रुपयांवर नेलं आहे, पर्यावरण कर वेगळा. सगळा मिळून नेमका आकडा आरटीओतून लिहून आणा आणि वहीच्या पहिल्या पानावर टाका. पत्र्याचा खर्च त्याच्याखाली.

एक खाचखळगा आणखी आहे. हाताने लिहिलेली जुनी आरसी बुकं पुष्कळदा संगणकावर चढलेलीच नसतात. सरकारच्या 'वाहन' या ऑनलाइन नोंदणी प्रणालीत तुमचा नंबर दिसतो का ते बघा. दिसत नसेल, तर जिथे नोंदणी झाली त्या मुंबईच्या कार्यालयात 'बॅकलॉग एन्ट्री' करून घ्यावी लागेल. 1984 ची गाडी म्हणजे नंबर 'एमएच' येण्याच्या आधीचा, तीन अक्षरी. तो जपण्यासारखा आहे. त्याहून जपायचा तो चासी नंबर. बॉनेट उघडून पाटीवरचा आणि पत्र्यावर ठोकलेला नंबर शोधा, पुस्तकाशी ताडून बघा, मोबाइलवर फोटो काढा आणि त्या जागेवर चिकटपट्टी लावून ठेवा. आरटीओचा माणूस तपासणीत पेन्सिलीने त्याचा छाप घेतो. गंज काढण्याच्या भरात तिथे ग्राइंडर फिरला, तर पुढे कितीही सुंदर रंग द्या, गाडी कोणाची हे सिद्ध करता करता नाकी नऊ येतील.

व्हिंटेजचा नंबर इतक्यात विसरा. 2021 च्या नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं पुरी झालेली, मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. तुमची 2034 ला बसेल. त्या नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं आणि नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. पण ती गाडी रोजच्या वापराला चालत नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, पेट्रोल भरणं, एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. आईंना बसवून देवळात नेण्याचं स्वप्न असेल तर साधं नूतनीकरणच तुमच्या कामाचं.

आता घरचं. बायकोचं म्हणणं बरोबर आहे. न्हाणीघर आधी करा. गाडी इतकी वर्षं उभी आहे, आणखी एक हंगाम उभी राहिली म्हणून बिघडणार नाही, फक्त खाली सांगते तेवढं सावरून घ्या. गाडीसाठी दरमहा किती पैसे, हे दोघांनी मिळून ठरवा आणि त्या महिन्याचे संपले की पाना खाली. आईंना विचारायची एक गोष्ट: दुसरी किल्ली, जॅक आणि गाडीबरोबर आलेली हत्यारांची पिशवी कुठे आहे. अशा वस्तू ट्रंकेत जुन्या साड्यांखाली निघतात.

या सुट्टीत पहिलं काम साफसफाईचं. आधी टॉर्च, मग हात, ही सवय पहिल्याच दिवशी लावून घ्या. रत्नागिरी जिल्ह्यात फुरसं हा विषारी साप काही दुर्मिळ नाही आणि इतकी वर्षं न हललेली सीट म्हणजे त्याला राजवाडा. काठीने सीट उचलून, बॉनेटवर थापट्या मारून, मगच आत जा. उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील. कुंभारमाशीने सायलेन्सरच्या तोंडात, टाकीच्या श्वासनळीत मातीची घरं बांधली असतील. ती पाहून ठेवा, नाहीतर पुढे इंजिन का गुदमरतंय म्हणून कार्बोरेटरला शिव्या द्याल. आतले गालिचे, त्यांच्याखालचा नमदा, सगळं बाहेर काढून टाका. नमदा पाणी धरून बसतो. पायाखालचं भोक बहुतेक वरूनच पडलंय, खालून नाही.

पडवीची जमीन मातीची असेल तर गाडीखाली फळ्या किंवा जुन्या फरशा टाका. मातीतून वर येणारा दमट श्वास फ्लोअरला लागतो आणि समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यातलं मीठ त्या ओलाव्यात विरघळतं. लोखंड गंजायला पाणी आणि हवा पुरे, मीठ त्यात विजेची वाट सोपी करून देतं. म्हणून सांगलीतला पत्रा जितक्या वर्षांत नुसता तांबूस होतो, तेवढ्यात गुहागरातला आरपार जातो. निळं प्लॅस्टिक घट्ट बांधून गाडी झाकली असेल तर आजच काढा, आत घाम धरतो. सुती चादर किंवा उघडी गाडी परवडली.

मग तपासणी. एक जुना, बोथट झालेला पेचकस घ्या आणि छोटी हातोडी. दारं उघडा, उंबऱ्याखालचा तो लांब पोकळ पत्रा, ज्याला गॅरेजवाले सिल म्हणतात, तिथे गुडघ्यावर बसा. हातोडीने हलके ठोकत पुढून मागे जा. चांगला पत्रा 'टण' करतो. जिथे आवाज 'थप' असा बसका येतो तिथे थांबा, पेचकसाचं टोक टेकवा आणि अंगठ्याने दाबा. रंग शाबूत दिसतो, आणि टोक बिस्किटात जावं तसं आत जातं. काढलंत की भोकातून तपकिरी भुगा गळतो, भुग्याबरोबर पापुद्रे येतात. हे पाहून हळहळू नका, आणि टोचायला लाजूही नका. जो पत्रा अंगठ्याच्या जोराने फाटतो तो तुम्ही फाडलेला नाही, तो गेलेलाच होता. खडूने गोल करा आणि पुढे जा. असंच चारही चाकांच्या वरच्या कमानी, डिकीत स्टेपनीची जागा, बॅटरीचा ट्रे, पुढच्या काचेच्या रबराखालची कड, दारांचे तळ तपासा. दारांच्या तळाला पाणी निघून जायला बारीक भोकं असतात. ती मातीने बुजली की दार आतून पाण्याने भरतं आणि कडा कुरतडल्यासारखी होते, जशी तुमची झाली आहे. खिळ्याने ती आजच मोकळी करा. या एवढ्याशा कामाने पुढचा पावसाळा निम्मा सोसला जाईल.

फुगवटेही टोचा. गंज मूळ लोखंडापेक्षा कित्येक पट जागा खातो, म्हणून तो रंगाला आतून वर ढकलतो. बाहेर रुपयाएवढा फोड असेल तर आत तळहाताएवढं काम आहे असं धरून चाला.

सिलवर मी इतकी का अडून बसले, तर ही गाडी चासीवर ठेवलेल्या टपाची नाही. 1953 साली इटलीत आलेल्या फियाट 1100-103 पासून या घराण्याचा सांगाडा मोनोकॉक आहे, म्हणजे पत्र्याचा खोकाच सगळं वजन पेलतो. 1964 साली 1100 डिलाइट म्हणून ती कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात निघू लागली, सत्तरच्या दशकात पद्मिनी झाली, खोका तोच राहिला. जीपचा टप गंजला तर जीप कुरूप होते. पद्मिनीचे सिल, फ्लोअरच्या कडा, मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचे जोड गंजले तर गाडी मधून वाकते. जॅक लावून उचलल्यावर दार बंद करताना अडकलं, किंवा दाराच्या फटी वर एक आणि खाली एक दिसल्या, तर खोका सैल झालाय. आणि अशा गाडीखाली फक्त जॅकवर विसंबून कधीही शिरू नका. जॅक जिथे लावायचा तीच जागा आधी गंजते.

इथेच घरच्या कामाची हद्द येते. वरवरचा गंज, दारांच्या कडा, डिकीचा तळ, पायाखालचं भोक, हे तुम्ही करा. सिल आणि पाट्यांचे जोड मात्र डेंटरला, म्हणजे गाड्यांचं पत्राकाम करणाऱ्याला, घरी बोलावून त्याच्याकडून करून घ्या आणि शेजारी उभे राहा. डेंटर म्हणजे डेंटरच. गावातला खिडक्यांच्या जाळ्या करणारा फॅब्रिकेटर कितीही ओळखीचा असला तरी त्याचं आर्क वेल्डिंग या पत्र्याला भोकं पाडतं. बॉडीचा पत्रा 20 गेजच्या आसपासचा, म्हणजे साधारण 0.9 मिलिमीटर, त्याला सीओटू किंवा गॅस वेल्डिंगच हवं. फ्लोअरला 18 गेज, 1.2 मिलिमीटर वापरा. पत्रा सीआर, म्हणजे थंड लाटलेला साधा, घ्या. घरावरच्या कौलपत्र्याचा उरलेला तुकडा देऊ केला तर नको म्हणा. त्यावरच्या जस्ताचा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो, आणि जोडही धड धरत नाही.

दोन गोष्टींवर डेंटरशी हुज्जत घाला. एक, जुन्या गंजक्या पत्र्यावर नवा चढवायचा नाही. चकाकता पत्रा लागेपर्यंत गेलेला भाग कापायचा, मग नवा तुकडा बसवायचा. वर चढवलेल्या ठिगळाच्या पोटात गंज सुखाने राहतो. दुसरं, वेल्डिंगचे टाके दूरदूर मारायचे. एक इथे, एक पलीकडच्या टोकाला, मग मधे. सलग रेघ ओढली तर उष्णतेने पत्रा लाटेसारखा उठतो. आणि सिल कापण्याआधी त्या बाजूची दारं जागेवर लावून, बंद करून, फटी बघून घ्यायच्या. दोन्ही बाजूचे सिल एकदम कापू देऊ नका, तो 'काय होतंय' म्हणाला तरी. वेल्डिंगआधी बॅटरी काढलेली, पेट्रोलची टाकी काढून लांब परसात ठेवलेली, शेजारी पाण्याची बादली आणि वाळू. रिकामी टाकी भरलेल्यापेक्षा घातक, कारण आत वाफ असते. टाकीवर ग्राइंडर किंवा वेल्डिंग घरी अजिबात नाही, वर्षानुवर्षं कोरडी आहे असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तरी नाही.

आता अॅसिड. संडास साफ करायचं अॅसिड मनात असेल तर ते पडवीच्या आसपासही नको. गंज खातं हे खरं, पण दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेलं धुऊन निघत नाही, तिथेच बसून आतून चरत राहतं. त्याच्या वाफेने तुमचा पान्यांचा सेट आठवड्यात तांबडा होईल. मोठ्या पत्र्यावर ग्राइंडरला तारेचा कप ब्रश आणि पॉलिश पेपर, हेच बरं. डोळ्यांना चष्मा हवाच, ब्रशच्या तारा सुटून उडतात. जुन्या रंगात शिसं असण्याचा संभव मोठा, म्हणून मुलं लांब, तोंडाला धुळीचा चांगला मास्क, जमेल तिथे ओलं घासायचं आणि कामाचे कपडे वेगळे धुवायचे. खड्ड्यांत काळसर गंज उरतो, त्यावर फॉस्फोरिक अॅसिडचं रस्ट कन्व्हर्टर मिळतं ते लावा. त्याने उरलेल्या गंजाचं फॉस्फेट होतं आणि प्रायमर धरतो. पण ते सुट्या पापुद्र्यांवर ओतायचं औषध नाही, आधी घासायचं.

सुट्या लहान भागांसाठी, बिजागऱ्या, ब्रॅकेट, बोल्ट, जॅकचा स्क्रू, दोन उपाय घरचेच आहेत. वाण्याकडचं लिंबूसत्त्व गरम पाण्यात विरघळवून त्यात रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने घासा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुचकळा, लगेच कोरडं करून त्याच दिवशी प्रायमर. दुपारपर्यंत नुसतं ठेवलंत तर कोकणच्या हवेत पिवळी झाक येतेच.

दुसरा उपाय मुलांना दाखवण्यासारखा. प्लॅस्टिकचा टब, दर चार लिटर पाण्याला मोठा चमचाभर धुण्याचा सोडा, आणि साधा जुन्या धाटणीचा 12 व्होल्टचा बॅटरी चार्जर. गंजलेला भाग ऋण टोकाला, साध्या लोखंडाचा एखादा निकामी तुकडा धन टोकाला, दोन्ही पाण्यात, पण एकमेकांना न चिकटता. चार्जर चालू केला की गंजक्या भागावरून बारीक बुडबुडे सुटतात, पाण्यावर तपकिरी साय येते आणि काही तासांत भाग काळा पडतो. तो काळा थर ब्रशने निघतो. चार्जर बंद करूनच हात घालायचा. धन टोकाला स्टेनलेस स्टील लावू नका, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. ॲल्युमिनियमचे भागही टबात नकोत. बुडबुडे हायड्रोजनचे असतात, तेव्हा टब उघड्यावर, चूल आणि विडी लांब.

प्रायमर एपॉक्सी घ्या. दुकानदार स्वस्तातला करडा सरफेसर देईल, तो नुसता असला तर पाणी पितो. उघड्या पत्र्यावर आधी एपॉक्सी, त्यावर गरज तिथे पुट्टी. पुट्टी पत्र्यातला पोचा भरायला असते, भोक बुजवायला नाही. तिच्या पोटात जाळी आणि वर्तमानपत्र कोंबून केलेली मडगार्डं मी पाहिली आहेत. पहिल्या पावसापर्यंत ती फार देखणी दिसतात. तोच प्रकार काळ्या अंडरबॉडी कोटिंगचा. स्वच्छ, प्रायमर मारलेल्या पत्र्यावर ते उत्तम. गंजावर थापलं की ओलावा आत कोंडतो आणि तुम्हाला काही दिसतही नाही. सिलच्या आणि दारांच्या पोकळीत सगळं झाल्यावर, बाहेरचा रंगसुद्धा झाल्यावर, कॅव्हिटी वॅक्स, म्हणजे गंज रोखणारं पातळ मेण, लांब नळीने फवारा. कोकणात ही पायरी गाळली तर बाकी मेहनत दोन-तीन पावसाळ्यांची.

रंगाबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, आणि तेच योग्य. एवढंच लक्षात ठेवा की दमट हवेत मारलेला रंग पांढुरका पडतो, म्हणून फवारणी दिवाळी ते होळी या दिवसांतच करायची. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, घाई सुरू झाली की स्प्रे गन गुंडाळून ठेवा.

इंजिन सुरू करायची खुमखुमी सगळ्यांना असते, बॅटरी लावून सेल्फ मारला की संपलं असं वाटतं. थांबा. चारही प्लग काढा, प्रत्येक भोकातून थोडं इंजिन ऑइल आणि डिझेल सोडा, काही दिवस मुरू द्या. मग प्लग न लावता, पुलीच्या नटाला पाना लावून हाताने फिरवून बघा. फिरलं तर नशीब, 1089 सीसीचं हे इंजिन तसं सोशिक आहे. अडलं तर जोर करू नका, पुन्हा मुरू द्या. अजिबात हललं नाही तर हेड उघडावं लागेल, आणि बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली भिंत, गंजलेला निघाला तर ते काम कोल्हापूरला. शिवाजी उद्यमनगरात जुन्या इंजिनांना बोअर मारणारे हात अजून आहेत.

पण माझं ऐकाल तर इंजिनाच्या आधी ब्रेक करा. चालू होणारी आणि न थांबणारी गाडी अंगणात असणं वाईट, तिला 'गेटापर्यंत जाऊन येऊ' असा मोह होतो. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, त्यामुळे मास्टर सिलिंडर आणि चाकांचे सिलिंडर आतून गंजलेले असणारच. किट, रबरी होज, लोखंडी पाइप, सगळं बदला, यात काटकसर नको. ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकू नका, जुन्या लायनिंगमध्ये अॅस्बेस्टॉस असतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

टाकीतलं जुनं पेट्रोल वार्निशसारखं चिकट झालेलं असेल, ते काढा आणि टाकी धुऊन घ्या. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. तेही पाणी ओढतं आणि 1984 ची रबरं खातं. पेट्रोलच्या नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या घाला, पंपाचा पडदा नवा टाका, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल ठेवू नका.

सुट्या भागांसाठी फार घायकुतीला येऊ नका. मुंबईची टॅक्सी म्हणून हजारोंनी पद्मिनी धावल्या, त्यांच्यामुळे पार्ट वर्षानुवर्षं तयार होत राहिले. ताडदेव आरटीओत 29 ऑक्टोबर 2003 ला नोंदलेली शेवटची काळी-पिवळी 20 वर्षांची मर्यादा गाठून 2023 च्या ऑक्टोबरअखेर थांबली. त्यानंतर नवा माल कमी झालाय, जुना अजून फिरतोय. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर आणि पुण्यात नाना पेठेत चौकशी करा. जाताना जुना भाग पिशवीत घेऊन जा, फोटो दाखवून रबरं आणायला जाऊ नका. दिवे, हँडलं, काचेचं रबर, क्रोमच्या पट्ट्या यांपैकी जे चांगलं दिसेल ते गरज नसतानाही उचला. इंजिनाचं कुठूनतरी जमतं, पट्टी मिळत नाही.

रस्त्यावर गाडी आणायची ती नूतनीकरण, विमा आणि पीयूसी झाल्यावरच. आरटीओच्या तपासणीला ती टेम्पोवर चढवून न्या.

तेव्हा या सुट्टीचं काम एवढंच: कागद, साफसफाई, टोचून तपासणी, आणि एकच कोपरा, ड्रायव्हरच्या पायाखालचा. तो प्रायमरपर्यंत नेऊन गालिचा न टाकता उघडा ठेवा, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात पाणी नेमकं कुठून येतं ते दिसेल. दोन्ही सिलचे फोटो मला पाठवा. टोचल्यानंतरचे हवेत, आधीचे नकोत. त्यावरून डेंटरला किती दिवसांसाठी बोलवायचं ते सांगते.